डब्लिनचा सिटी हॉल: एका पुतळ्यासाठी तरी आत जा

मी डब्लिनमध्ये फार्मासिस्ट आहे. डेम स्ट्रीटवरून माझं सतत जाणं-येणं असतं, तरी सिटी हॉलच्या आत गेले ती आत्ता कुठे तिसऱ्यांदा. आधी दोनदा घुमट बघितला, जमिनीवरच्या मोझेइकमधलं शहराचं चिन्ह बघितलं, फोटो काढले आणि निघाले. या वेळी मात्र एकाच पुतळ्यापाशी पाऊण तास गेला. डॉक्टर चार्ल्स ल्युकस यांच्या.

पांढरा संगमरवर, एडवर्ड स्मिथचं काम. पुढे कस्टम हाउस या डब्लिनच्या जुन्या जकात-इमारतीवरचे नद्यांचे मुखवटे याच स्मिथने कोरले. हा पुतळा त्याच्या ऐन विशीतला आहे. जवळ जाऊन अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या बघा, दगड आहे हे विसरायला होतं. उभं राहण्यात केवढा जोर आहे! आणि खरे ल्युकस शेवटच्या काळात संधिवाताने इतके जखडले होते की त्यांना संसदेत उचलून न्यावं लागे, क्षणभरसुद्धा नीट उभं राहता येत नसे. हे माहीत असल्यावर त्या पायांकडे बघताना घसा दाटून येतो.

मला हा माणूस जवळचा वाटतो तो त्यांच्या सुरुवातीमुळे. जन्म 1713 चा, क्लेअर परगण्यातला. डब्लिनच्या चार्ल्स स्ट्रीटवर त्यांचं औषधांचं दुकान होतं. 1735 मध्ये, म्हणजे वय जेमतेम बावीस, त्यांनी औषधांतल्या भेसळीवर आणि लबाडीवर पुस्तिका काढली. त्यातून औषधांच्या तपासणीचा कायदा झाला. स्वतःच्याच धंद्यातल्या लोकांशी वाकडं घेतलं त्यांनी! आज एखादं औषध परत मागवल्याची सूचना आली की मी हातातलं काम टाकून बॅच नंबर बघत खोकी बाजूला काढते. तपासणारं कुणीच नाही अशा काळात दुकानदारानेच पुढे होऊन ‘आम्हाला तपासा’ म्हणणं किती अवघड गेलं असेल, ते मला काउंटरमागे उभं राहून कळतं.

पुढे 1741 मध्ये ते न्हावी आणि शल्यवैद्यांच्या संघातर्फे नगरसभेत गेले. तिथे जुने दस्तऐवज उकरताना त्यांच्या लक्षात आलं, की सामान्य सभासदांचे हक्क वरच्या आल्डरमन (ज्येष्ठ नगरसदस्य) मंडळींनी हळूहळू गिळले आहेत. मग पत्रकांमागून पत्रकं. 1749 मध्ये आयर्लंडच्या संसदेने त्यांना देशाचा शत्रू ठरवलं आणि तुरुंग टाळण्यासाठी त्यांना पळावं लागलं. त्या परागंदा वर्षांत ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. 1752 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला वैद्यकाची पदवी घेतली, औषधी पाण्यावर ग्रंथ लिहिला. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने त्या ग्रंथाच्या परीक्षणात त्यांची बाजू उचलून धरली. तिसरा जॉर्ज गादीवर आल्यावर ते परतले आणि 1761 पासून 1771 मध्ये मृत्यू येईपर्यंत डब्लिन शहराचे खासदार राहिले. संसदेची मुदत आठ वर्षांवर आणणारा 1768 चा कायदा झाला, त्यासाठी त्यांनी सतत रेटा लावला होता.

एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहायलाच हवी. त्यांच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेत कॅथलिकांना जागा नव्हती. म्हणजे देशातल्या बहुसंख्य लोकांनाच नाही. म्हणून त्यांना बघून झालं की त्याच दालनातल्या डॅनियल ओकॉनेलच्या पुतळ्याकडे जाच. ही इमारत रॉयल एक्स्चेंज, म्हणजे व्यापाऱ्यांच्या व्यवहाराची जागा, होती तेव्हा, 1800 मध्ये, ओकॉनेलचं पहिलं जाहीर भाषण इथेच झालं. पुढे कॅथलिकांना संसदेचं दार उघडून देणारा तोच.

बाहेर पडल्यावर छपराकडे वर बघा. 1916 च्या ईस्टर सोमवारी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलाने ही इमारत घेतली, तेव्हा डॉक्टर कॅथलीन लिन त्यांच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी होत्या. तुकडीचा प्रमुख शॉन कॉनली वर छपरावर गोळी लागून पडला, त्याला वाचवायला त्या तिथवर चढल्या. तो गेला. नंतर इथल्या अधिकाऱ्यांत त्याच सर्वांत वरच्या उरल्या आणि शरणागती त्यांनीच दिली. सुटल्यावर 1919 मध्ये त्यांनी मॅडलीन फ्रेंच-मलन यांच्याबरोबर शार्लमाँट स्ट्रीटवर तान्ह्या मुलांसाठी सेंट अल्टन्स रुग्णालय उघडलं. 1923 मध्ये त्या संसदेवर निवडूनही आल्या, पण शिन फेन या त्यांच्या पक्षाच्या धोरणाप्रमाणे सभागृहात बसल्या नाहीत. एकाच इमारतीत असे दोन डॉक्टर! मला तर या जागेचं सगळं मोल त्यातच वाटतं.

कामाचं सांगते. गोल दालनात जायला पैसे पडत नाहीत. इथे लग्नं आणि समारंभ होतात, त्यामुळे निघण्याआधी वेळ बघून घ्या. सकाळी जा, घुमटातून उजेड छान उतरतो. लहान मुलं असतील तर आवाज घुमतो त्याची त्यांना फार गंमत वाटते. भिंतींवरची चित्रं मी भरभर बघितली, त्यांबद्दल फार सांगता येणार नाही.

आणि पायात त्राण असेल तर पार्लमेंट स्ट्रीटने खाली उतरा, ग्रॅटन ब्रिज ओलांडा आणि डावीकडे नदीच्या कडेने फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीपर्यंत चालत जा. त्याच्या मागे चर्च स्ट्रीटवर सेंट मिकन्स हे चर्च आहे. ल्युकस यांना तिथे पुरलं आहे. मी सिटी हॉलमधून थेट तिकडेच गेले.