ऑक्सिमीटर उसना, फोन दिवसातून दोनदा : स्वयंसेवकांच्या एका सेवेविषयी

2021 साली आई आणि मी कोविडमुळे घरीच विलगीकरणात होतो, तेव्हा परिसरातील स्वयंसेवकांनी चालवलेली ऑक्सिमीटर उसना देण्याची सेवा आम्ही बारा दिवस वापरली. सेवा विनामूल्य होती, तरीही तिचे परीक्षण लिहिण्याचे कारण असे की, पुन्हा साथ आलीच तर कोणीतरी अशी सेवा नव्याने उभी करील आणि तिच्यातले काय उचलावे, काय बदलावे, हे वापरणाऱ्याने सांगितलेले बरे.

उपकरण निर्जंतुक करून, बंद पिशवीतून दाराबाहेर ठेवले जाई. सोबतच्या कागदावर मोजक्या सूचना होत्या : नखांवरचा रंग काढावा, बोटे गार असल्यास चोळून ऊबदार करावीत, पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अजमावते. त्यामुळे नखावरचा रंग किंवा बोटातला मंद रक्तप्रवाह त्याला चकवू शकतो. सूचनांमागची ही कारणेही कागदावर दिली होती, म्हणून त्या पाळाव्याशा वाटल्या.

मात्र सेवेचा प्राण होता तो सकाळ-संध्याकाळचा फोन. आठव्या दिवशी आईला ना धाप होती, ना ताप. ती स्वतः ‘मला बरं वाटतंय’ असे सांगत होती, आणि आकडा मात्र 93 टक्के, म्हणजे नेहमीपेक्षा कमी होता. आम्ही यंत्रालाच दोष देऊन मोकळे झालो असतो. फोनवरील ताईंनी हात ऊबदार करायला लावून दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजायला सांगितले, तोच आकडा आल्यावर त्याच क्षणी डॉक्टरांशी जोडून दिले आणि त्याच रात्री आईला दाखल करता आले. या आजारात प्राणवायू घटूनही दम लागत नाही असे होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कळले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2021 मध्ये जोखमीच्या रुग्णांसाठी घरी ऑक्सिमीटर वापरण्याची शिफारस केली, तीही रुग्णाला माहिती देणे आणि पाठपुरावा करणे यांच्यासह. या सेवेने तो पाठपुरावा मनापासून केला.

उणिवाही सांगायला हव्यात. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, याचा उल्लेख कागदावर नव्हता. माझ्या मते ही गंभीर त्रुटी आहे, कारण अशा वेळी 95 हा आकडाही खोटा धीर देऊ शकतो. सहाव्या दिवशी फोन करणारी व्यक्ती बदलली आणि आधीच्या नोंदी तिच्याकडे पोहोचल्या नसल्याने सगळी हकिगत पुन्हा सांगावी लागली. ज्यांना ऐकू कमी येते किंवा ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी काही सोय नव्हती. रुग्णांची नावे आणि आजार लिहिलेल्या वहीचे पुढे काय होणार, हेही कोणी सांगितले नाही.

आई घरी परतल्यावर आम्ही उपकरण परत केले. त्यानंतरही तीन दिवस संध्याकाळचा फोन येत राहिला. तो आम्ही मागितला नव्हता, पण आई त्याची वाट पाहत असे.