रंगकाम फसल्यावर भरपाई: ठेकेदाराशी तडजोड की ग्राहक आयोग?

घराचे रंगकाम बिघडले आहे, पैसे बहुतेक देऊन झाले आहेत आणि आता पुढे काय, या पेचात जे असतील त्यांच्यापुढे व्यवहारात दोनच रस्ते उरतात. ठेकेदाराशीच बोलून काम दुरुस्त करून घेणे अथवा काही रक्कम परत मिळवणे हा एक, आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करणे हा दुसरा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली दिवाणी दावाही लावता येतो. परंतु लाख-सव्वा लाखाच्या कामासाठी कोर्ट फी, वकील आणि तारखा यांचा हिशेब मांडल्यावर तो विचार मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन दावा चालवत नाही, तक्रार समोरच्या पक्षापर्यंत पोहोचवून मिटवण्याचा प्रयत्न करते; त्यामुळे मोठ्या कंपनीच्या रंगसेवेबाबत ती आधी वापरून पाहावी, एकट्यादुकट्या ठेकेदाराबाबत तिच्यावर फार विसंबू नये.

मी दोन्ही रस्ते चाललो आहे. आधी तडजोडीचा, मग आयोगाचा.

आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत चार महिने पाऊस खाते. ठेकेदाराने दसऱ्याला काम धरले आणि ‘साहेब, वसुबारसेच्या आत घर तुमच्या ताब्यात’ असा शब्द दिला. शब्द त्याने पाळला, हे मान्य केले पाहिजे. कोटेशनमध्ये जुना रंग पूर्ण खरवडणे, लांबी (पुट्टी) दोन हात म्हणजे थर, प्रायमर एक हात आणि रंग दोन हात असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि एकूण १,१८,००० रुपयांपैकी १,१०,००० रुपये मी पाडव्यापर्यंत देऊन टाकले होते. संक्रांतीच्या सुमारास हॉलच्या भिंतीवर फुगे दिसू लागले आणि शिमग्यापर्यंत तळहाताएवढे पोपडे गळू लागले.

तडजोडीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती लवकर होते, फुकट होते आणि गावात तोंड फिरवून चालण्याची वेळ येत नाही. माझ्या मेव्हण्याने त्याच्या रंगकामाचे तीस टक्के पैसे पहिला पाऊस जाईपर्यंत हातात राखले होते; भिंतीवर डाग उठले तेव्हा ठेकेदार स्वतः आला, चहा झाला आणि १२,००० रुपये कापून हिशेब त्याच संध्याकाळी मिटला. अशी बाकी आपल्या हातात असेल तर आयोगाचे नावही काढू नये, असे मला वाटते. माझ्या हातात मात्र ८,००० रुपये होते, आणि तेवढ्यासाठी कोणता ठेकेदार दोन माणसे पुन्हा कामाला लावील?

तरीही माझा कौल तडजोडीकडून फिरला तो पैशांमुळे नव्हे, ‘टचअप’ या एका शब्दामुळे. तक्रार केली की ठेकेदार कधीही नाही म्हणत नसे. ‘भिंतीलाच ओल आहे, त्याला आम्ही काय करणार, तरी पोरं पाठवतो, टचअप करून देतील,’ हे त्याचे ठरलेले उत्तर असे. पोरे येणार म्हणून आम्ही सोफा, दिवाण आणि टीव्हीचे कपाट हॉलच्या मध्यभागी ओढून त्यावर प्लॅस्टिक घालायचो. पहिल्या वेळी पोरे आली, फुगा आलेला भाग पत्र्याने खरवडला, लांबी भरली, ती धड वाळण्याआधी रंग मारला आणि गेली. शेड नंबर तोच असूनही संध्याकाळी उन्हाची तिरीप आली की भिंतीवर थिगळ लावल्यासारखा चौकोन दिसे. दुसऱ्या वेळी थिगळाच्या कडेने नवे पोपडे निघाले होते. तिसऱ्या वेळी पोरे आलीच नाहीत. ‘उद्या नक्की’ या बोलीवर सामान अकरा दिवस हॉलच्या मध्यभागी पडून राहिले आणि आईला दिवाणाऐवजी स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपावे लागले.

त्या अकरा दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली, जी आधीच यायला हवी होती. जमिनीवर पडलेला एक पोपडा सहज उलटा केला तर त्याची मागची बाजू गुलाबी होती आणि बोट फिरवल्यावर खडूसारखी पूड हाताला लागत होती. तो आमचा पंधरा वर्षांपूर्वीचा डिस्टेंपर होता. म्हणजे भिंतीत ओल असेलही, पण नवा रंग गिलाव्यावरून सुटला नव्हता. न खरवडलेला जुना थर पाठीवर घेऊनच तो सुटला होता, आणि खरवडण्याचे पैसे तर कोटेशनमध्ये वेगळे लावले होते. ठेकेदाराच्या ‘ओल’ या एकमेव बचावाला उत्तर देणारा हाच पुरावा होता, आणि आधीच्या दोन्ही टचअपमध्ये पोरांनी तोच झाडून गोणीत भरून नेला होता. हे त्यांनी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणणार नाही, बहुधा ती केवळ सफाई असावी. मात्र टचअपला होकार देताना आपण पुराव्याची विल्हेवाट लावायला संमती देत असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

याला मुदतीची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, आणि ठेकेदाराशी चाललेल्या नुसत्या बोलाचालीने किंवा पत्रव्यवहाराने ही मुदत लांबत नाही. सबळ कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

आयोगाचा रस्ता मला वाटला होता त्याहून सोपा निघाला, जरी तो छोटा नव्हता. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या कामासाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कलम ३४ मुळे आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी अडत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मी आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. ठेकेदाराचा पत्ता माझ्याकडे नव्हता, पण कोटेशनच्या माथ्यावर जीएसटी क्रमांक होता आणि त्या खात्याच्या पोर्टलवर तो टाकल्यावर व्यवसायाचा नोंदलेला पत्ता मिळाला. निव्वळ मोबाईल नंबरवर काम दिले असेल तर मात्र इथेच गाडी अडू शकते.

कागद म्हणून कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, तारखांसह फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचे संभाषण जोडले. संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र दिले, कारण पुढे त्यावरून हरकत निघू नये. खरे वजन पडले ते एका स्थापत्य अभियंत्याच्या दोन पानी अहवालाचे, ज्यात भिंतीतील ओलीचे मोजमाप होते आणि पोपड्यांच्या मागील बाजूचे वर्णन होते. त्याची फी ३,००० रुपये झाली. मागणीत दुसऱ्या रंगाऱ्याचे लेखी अंदाजपत्रक, ही फी आणि मानसिक त्रासापोटी बेताची रक्कम एवढेच धरले. मानसिक त्रासाचे आकडे लाखांत लिहिण्याची हौस अनेकांना असते. त्याने बाकीची मागणीही फुगवलेली दिसू लागते, असा माझा समज आहे.

दोष सांगायचे तर वेळ हा आहेच. कायद्यात विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस आहेत, आणि तपासणीची गरज नसलेली तक्रार शक्यतो तीन महिन्यांत, गरज असलेली पाच महिन्यांत निकाली काढावी असे म्हटले आहे. त्या ‘शक्यतो’ मध्ये बरेच काही मावते; मला नोटिशीपासून पहिला हप्ता हातात पडेपर्यंत तेरा महिने लागले. दुसरा दोष अधिक जाचक आहे. भिंत हाच पुरावा असल्यामुळे पाहणी होईपर्यंत ती तशीच ठेवावी लागते, आणि घरात लग्न किंवा बारसे असेल तर पोपडे निघालेल्या भिंतीसमोर पाहुणे बसवणे सगळ्यांना झेपत नाही. यावर तोडगा म्हणून आयोगाने पाहणीसाठी कमिशनर, म्हणजे आपल्या वतीने भिंत पाहून अहवाल देणारा माणूस, नेमावा असा अर्ज लवकर करावा, आणि तोवर निदान एक कोपरा जसाच्या तसा राखावा.

माझे प्रकरण निकालापर्यंत गेले नाही. २०१९ च्या कायद्यात दोन्ही पक्षांच्या संमतीने मध्यस्थीकडे जाण्याची सोय आहे, आणि तिथे ६२,००० रुपये दोन हप्त्यांत देण्याचे ठेकेदाराने मान्य केले. म्हणजे अखेरीस तडजोडच झाली, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. फरक एवढाच की ही तडजोड लेखी होती, तिच्यात रक्कम आणि तारीख होती, आणि तिच्यावर आयोगाचा आदेश झाला होता. आदेश मोडणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे ठेकेदारालाही कोणीतरी सांगितले असावे, कारण दुसरा हप्ता तारखेच्या दोन दिवस आधी आला.

घरगुती तडजोडच करायची असेल तर माझे त्याला ना नाही. रक्कम लहान असेल, ठेकेदार नात्यातला किंवा आळीतला असेल, तर तेच बरे. मात्र ती कागदावर करावी, तिच्यात टचअप नको तर रोख परतावा असावा, आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही करू नये. बाकी हातात नसेल आणि दोन टचअप होऊन गेले असतील, तर तिसऱ्यासाठी सामान ओढण्यापूर्वी नोटिशीचा मसुदा करावा, असे मी सुचवीन.

नव्या रंगाऱ्याने गेल्या मार्गशीर्षात भिंत खरवडायला घेतली तेव्हा गिलावा लागेपर्यंत त्याला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत घरातल्या भांड्यांपासून देवघरातल्या निरांजनापर्यंत सगळ्यावर गुलाबी धूळ बसली होती.