ट्रंकवर कॉलर आयडी कुठून पाठवायचा: ‘फ्रॉम’ की ‘पीएआय’?

ऑफिसात आयपी पीबीएक्स (इंटरनेट तंत्रावर चालणारी ऑफिसची फोन यंत्रणा) घेताना एक्स्टेन्शन किती, रेकॉर्डिंग होईल का, हे सगळे विचारतात. कॉलर आयडीचा विषय निघतो तो ग्राहकाच्या मोबाइलवर भलताच नंबर दिसायला लागल्यावर. पीबीएक्सला फोन कंपनीशी, म्हणजे प्रोव्हायडरशी, जोडणारी लाइन म्हणजे ट्रंक; हा नंबर तिच्यावरूनच जातो.

सिपमध्ये, म्हणजे असे कॉल जोडणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, ‘फ्रॉम’ हेडर (कॉलसोबत जाणारी माहितीची ओळ) प्रत्येक कॉलला असतोच. नाव आणि नंबर दोन्ही त्यात मावतात. पण तो भरतो कॉल करणारा फोन किंवा पीबीएक्स, म्हणजे मनाला येईल ते लिहिता येतं. ‘पी-अ‍ॅसर्टेड-आयडेंटिटी’, थोडक्यात पीएआय, २००२ च्या आरएफसी ३३२५ या इंटरनेट तांत्रिक दस्तऐवजातला. विश्वासातल्या सर्व्हरने कॉलर कोण याची खात्री करून लिहिलेली ही ओळख. नंबर लपवायचा असेल तेव्हा दोघांतला फरक कळतो: ‘फ्रॉम’मध्ये नुसतं ‘अ‍ॅनॉनिमस’ जातं, खरा नंबर पीएआयमध्ये राहतो आणि सोबत ‘प्रायव्हसी: आयडी’ असतं. विश्वासाची हद्द ओलांडताना नेटवर्क पीएआय काढून टाकतं. प्रोव्हायडरला नंबर कळतो, समोरच्याला नाही. एकट्या ‘फ्रॉम’वर हे जमणार नाही.

‘रिमोट-पार्टी-आयडी’ हा तिसरा भिडू मसुद्यातच राहिला, प्रमाण कधी झालाच नाही. जुना गेटवे (दोन फोन नेटवर्क जोडणारं उपकरण) अडून बसला तरच त्याच्या वाटेला जा.

माझं मत: प्रोव्हायडरची ना नसेल तर ‘फ्रॉम’ आणि पीएआय दोन्हींत तोच डीआयडी (बाहेरून थेट लागणारा तुमचा नंबर) पाठवा. अ‍ॅस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या पीजेसिप या सिप भागात पीएआय पाठवणारं ‘सेंड_पीएआय’ मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं. समोरून आलेली ओळख खरी मानणारं ‘ट्रस्ट_आयडी_इनबाउंड’ मात्र फक्त प्रोव्हायडरच्या ट्रंकवर चालू ठेवा. एक्स्टेन्शनवर ठेवलंत तर कुणीही स्वतःला साहेबांचा नंबर लावून घेईल.

आता नंबर लिहायचा कसा? पुण्याचा लँडलाइन ०२०ने सुरू करून पाठवला तर गावात चालून जातो, परदेशात कळत नाही. ई.१६४ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने +९१२० आणि पुढे आठ आकडे लिहिले की शंकेला जागा नाही. काही प्रोव्हायडरना अधिकचं चिन्ह चालत नाही, त्यांना ९१ पासून द्या. पण आत, सीआरएममध्ये (ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), एकच रूप ठेवा. मोबाइल शेवटचे आकडे जुळवून नाव दाखवतो, सीआरएम बहुधा अक्षरशः जुळवतं. मग रोजचा ग्राहकही अनोळखी दिसतो. शिवाय बाहेर जायला आधी शून्य लावावं लागत असेल, तर मिस्ड कॉलच्या यादीतून परत लावलेला फोन लागतच नाही. येणाऱ्या नंबराच्या सुरुवातीला ते शून्य डायलप्लॅनमध्येच (कॉल कसा हाताळायचा त्या पीबीएक्सच्या नियमांत) जोडून घ्या.

खरी पंचाईत कॉल फॉरवर्डची. ग्राहकाचा कॉल सेल्समनच्या मोबाइलवर वळवताना तिथे ग्राहकाचाच नंबर दिसावा, असं सगळ्यांना वाटतं. त्यासाठी ‘फ्रॉम’मध्ये ग्राहकाचा नंबर, पीएआयमध्ये तुमचा डीआयडी आणि कॉल कुणी वळवला ते सांगणारा ‘डायव्हर्जन’ हेडर, अशी जोडणी काही प्रोव्हायडर स्वीकारतात. बाकीचे कॉल पाडतात किंवा गुपचूप पायलट नंबर (ट्रंकचा मुख्य नंबर) चिकटवतात. भारतात दूरसंचार कायदा २०२३ नुसार ओळख क्रमांकात फेरफार हा गुन्हा आहे, त्यामुळे त्यांची सावधगिरी समजण्यासारखी आहे. करारावर सही करण्याआधी हा एक कॉल त्यांच्याकडून समोर लावून घ्या.