जर्मनीतल्या फंडेड पीएचडीच्या नावाने माझे २,२२,४०० रुपये गेले

आधीच सांगते, मी एमटेक मेकॅनिकल, गेट क्वालिफाय, त्यामुळे "एवढी शिकलेली असून फसलीस कशी" हे ऐकून कान किटलेत. अहो, हे लोक शिकलेल्यांनाच गाठतात, बाकी कुणाला हायड्रोजन कम्बश्चनचा प्रोजेक्ट दाखवून काय मिळणार त्यांना?

पद्धत तीच, तुम्हाला माहितीये. अंधेरीला एसी ऑफिस, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या पोरांचे फोटो, "प्रोफेसरशी आमचं टायअप आहे". रजिस्ट्रेशन २५,०००. मग सुपरवायझर अलॉटमेंटचे ६२,४०० (असलं काही नसतंच, प्रोफेसरला आपणच लिहायचं असतं). त्यावर युनिव्हर्सिटीच्या लोगोवालं, प्रोफेसरच्या सहीचं लेटर आलं, माझ्या थिसिसचं टायटल त्यात शब्दन् शब्द बरोबर, संशय येईल कसा? आईने तर ते देवासमोर ठेवलं.

मग ब्लॉक्ड अकाउंट. इथे पाल चुकचुकायला हवी होती, इथेच! लेटरमध्ये ई १३ स्केलचा पगार लिहिलेला, म्हणजे युनिव्हर्सिटीची रीतसर नोकरी. आणि ब्लॉक्ड अकाउंट असतं कशाला, तर स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्या स्टुडंटने वर्षाचे ११,९०४ युरो आहेत हे व्हिसासाठी दाखवायला. जिला पगार मिळणारे ती हे कशाला भरेल? शिवाय ते खातं आपल्याच नावावर उघडतं, दर महिन्याला आपलेच पैसे आपल्याला मिळतात, आणि हा एजंट म्हणतो पहिला हप्ता १,३५,००० आमच्या करंट अकाउंटला टाका. मी विचारलं होतं हां, गप्प नव्हते बसले. तर म्हणे "मॅडम, एम्बसीचा नवीन रूल, सहापर्यंत नाही भरलं तर पोझिशन वेटिंगवाल्याला जाईल". मी लोकलमध्ये, घाटकोपरला चढलेली गर्दी अंगावर, एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हाताने आयएमपीएस केलं. तुम्ही असता तर वेगळं काय केलं असतं?

नंतर युनिव्हर्सिटीच्या साइटवरून खऱ्या प्रोफेसरचा ईमेल काढून विचारलं. दोन ओळींचं उत्तर, असं लेटर मी दिलेलं नाही. हा मेल फुकट असतो, पैसे भरायच्या आधी टाका. आणि पत्ता नीट बघा, मला आलेल्या मेलच्या शेवटी डॉट डीई नव्हतं, डॉट ओआरजी होतं.

आता आपली यंत्रणा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागता लागत नाही, लागलं तर तक्रार नंबर देऊन पोलीस स्टेशनला जा म्हणतात. तिथले साहेब म्हणाले ऑफिस वेस्टर्नला, तुम्ही राहता सेंट्रलला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणी कोर्टात जा. अहो, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, ते मी पोलिसांना शिकवायचं? शिकवलं तर "वकील आहात का?" बँकेला खातं गोठवायला पोलिसांचं पत्र हवं, पोलिसांना बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट हवं, आणि शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. शेवटी कळलं की त्या खात्यात शिल्लक ३१२ रुपये.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत पीएचडीला ट्यूशन फीच नाही. आणि इथे पवईला फॉर्म थेट आयआयटीच्या पोर्टलवर भरतात, असिस्टंटशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, मधे एजंट नाही.

ऑफिसचं नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय (त्याचे ५,००० वेगळे). ज्यांना तिकडून अजून "प्रोसेसमध्ये आहे" ऐकवतायत त्यांनी पावत्या, चॅट काही डिलीट करू नका आणि आजच १९३० लावा, बँकवाले जेवायला उठायच्या आत.