शेरिफ लाँगमायरच्या गावात आठ महिने

अमेरिकन लेखक क्रेग जॉन्सनची 'द कोल्ड डिश', शेरिफ वॉल्ट लाँगमायरच्या रहस्यकथा-मालिकेतली पहिली कादंबरी, मी गेल्या जूनमध्ये घेतली. पहिल्यांदा चार रात्रींत संपवली, खुनी कोण एवढंच कळायला हवं होतं म्हणून. मग मालिकेतली पुढची दोन पुस्तकं झाली. डिसेंबरपासून ऑफिसला जाता-येता पहिलंच पुस्तक पुन्हा ऐकतेय, ऑडिओबुकवर, निवेदक जॉर्ज गिडॉलच्या आवाजात. खुनी माहीत झाला की रहस्यकथा मी सहसा पुन्हा उघडत नाही. इथे तसं का झालं नाही ते सांगते. शेवट फोडत नाही, निर्धास्त वाचा.

आधी शेरिफचं. आपल्याला माहीत असलेला शेरिफ म्हणजे मुंबईचा नगरपाल, वर्षभराचं शोभेचं पद. १९८० साली दिलीपकुमार होते. ही गोष्ट घडते त्या अमेरिकेतल्या वायोमिंगमधला शेरिफ मात्र काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, खराखुरा पोलीसप्रमुख असतो आणि दर चार वर्षांनी मतं मागून निवडून येतो. म्हणजे आज ज्याला दारू पिऊन गाडी चालवताना धरलं, उद्या त्याच्याच दारात हात जोडून उभं राहायचं! माझे वडील फौजदार होते. गावाची नीट ओळख होते न होते तोच आमचं सामान ट्रकमध्ये चढायचं. 'साहेबाने गावात रुजायचं नसतं' असं अण्णा म्हणायचे. वॉल्ट लाँगमायर पंचवीसेक वर्षं एकाच खुर्चीत आहे. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याला त्याने शाळेत जाताना पाहिलेलं असतं.

त्यात वायोमिंग हे राज्य असं, की आकाराने महाराष्ट्राहून थोडंसंच लहान, पण २०२०च्या जनगणनेत माणसं सहा लाखही भरली नाहीत. आपल्या एकट्या अमरावती शहरात याहून जास्त लोक आहेत. वॉल्टची अॅब्सरोका काउंटी आणि तिथलं ड्युरंट गाव दोन्ही काल्पनिक, पण लेखक स्वतः त्याच राज्यात, यूक्रॉस नावाच्या पंचवीस माणसांच्या वस्तीत राहतो. ते वाचताना जाणवतं. वाऱ्याबद्दल आणि मेंढ्यांबद्दल तो ज्या कंटाळलेल्या प्रेमाने लिहितो, ते पाहुण्याला जमणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. शाळेतल्या चार मुलांनी मेलिसा नावाच्या, नॉर्दर्न शायेन या आदिवासी जमातीतल्या मुलीवर अत्याचार केला. मुलगी जन्मापासून थोडी मंद, आईच्या दारूमुळे. खटला चालला आणि मुलं जवळपास मोकळी सुटली. दोन वर्षांनी त्यातला एक, कोडी प्रिचर्ड, माळावर मेंढ्यांमध्ये मरून पडलेला सापडतो. फोन येतो तेव्हा शेरिफला वाटतं, मेलेली मेंढीच असणार. मग संशय एका जुन्या, लांब पल्ल्याच्या शार्प्स रायफलीकडे वळतो. तशा रायफली असणारे लोक मोजके. त्यातला एक हेन्री स्टँडिंग बेअर, वॉल्टचा लहानपणापासूनचा जिवलग मित्र. आणि मेलिसा हेन्रीची भाची.

आता कुणाला धरायचं आणि कुणाला वाचवायचं? ज्यांनी वाईट केलं त्यांनाच संरक्षण देणं ही शेरिफची नोकरी आहे, आणि पुस्तकाचा सगळा ताण तिथे आहे. तपास म्हणाल तर तो रेंगाळतो. पहिली शंभर पानं शेरिफ गाडीतून फिरतो, कॉफी पितो, दुसऱ्यांची टिंगल करतो. पहिल्या वाचनात मी वैतागले होते. दुसऱ्यांदा तीच पानं सगळ्यात आवडली, कारण धागे तिथेच पेरलेले आहेत, थट्टामस्करीच्या आडून.

घरच्या बाजूचं सांगायचं तर या पहिल्या पुस्तकात घर जवळपास नाहीच. बायको मार्था काही वर्षांपूर्वी गेली. मुलगी केडी वकील आहे, दूर फिलाडेल्फियात. लाकडी ओंडक्यांचं घर वर्षानुवर्षं अर्धवट पडलंय. हेन्री कामगार आणतो, घर पूर्ण करायला घेतो, वॉल्टला पहाटे पळायलाही लावतो. खून बाजूला ठेवून घराला पडवी लागली का याची मी वाट पाहू लागले, म्हणजे लेखकाने काम चोख केलं म्हणायचं.

आणि तो फोन. वॉल्ट मुलीला फोन करतो, निरोप ठेवतो, तिचा उलट फोन येत नाही. हे ऐकताना मला अण्णांच्या पोलीस ठाण्यातला टेलिफोन आठवला. मी हॉस्टेलवर असताना एसटीडी बूथवरून क्वार्टरला लावायचे, तिथे कुणी उचललं नाही की ठाण्यात. पलीकडून हवालदार, 'ताई, साहेब राउंडला गेलेत.' इथे बरोबर उलटं: बाप फोन लावतोय आणि मुलगी राउंडला. मला केडीचा अजिबात राग आला नाही. उलट पहिल्या वाचनात मी तिच्याच बाजूने होते, बापाला जरा ताटकळू दे म्हणून. तिसऱ्या पुस्तकात वॉल्ट तिच्या शहरात जातो, तिच्यावर हल्ला होतो, आणि घर आणि तपास एकमेकांत मिसळून जातात. ते पुस्तक भावनेने जड आहे, पण मला पहिल्यातलं न वाजणाऱ्या टेलिफोनचं दुखणं जास्त खरं वाटलं.

म्हणूनच या पुस्तकांवरून २०१२ साली सुरू झालेल्या टीव्ही मालिकेवर माझा रुसवा आहे. रॉबर्ट टेलर वॉल्ट म्हणून झकास, सहा पर्वं मीही बघितली, पण तिथे केडी ड्युरंटमध्येच राहते. बापलेकीतलं अंतर गेलं की गोष्टीचा कणाच गेला. शूटिंगही न्यू मेक्सिकोत. डोंगर सुंदर, पण पुस्तकातले नाहीत.

खटकलेलंही सांगते. हेन्री फारच परिपूर्ण आहे: देखणा, विद्वान, शूर, कधी चुकत नाही. गोऱ्या लेखकाचा आदिवासी मित्र असा घडीव झाला की मला थोडं संशयाने वाचावंसं वाटतं. बर्फाच्या वादळात वॉल्टला आत्मे दिसतात तो भाग काहींना भारी वाटेल, मी मध्येच चहा करायला उठले. व्हिक मोरेटी ही फिलाडेल्फियाहून आलेली साहाय्यक इतक्या शिव्या देते की बसमध्ये आवाज कमी करावा लागतो, पण तिच्याशिवाय पुस्तक फिकं पडलं असतं हेही खरं. बंदुकांची माहिती माझ्या गरजेच्या तिप्पट आहे. एक पाय गमावलेला म्हातारा माजी शेरिफ ल्यूशियन आणि त्याच्याशी दर मंगळवारी चालणारं बुद्धिबळ मात्र कितीही वेळा वाचेन.

इंग्रजी अवघड नाही, पण वॉल्टचे विनोद कोरडे आहेत, सुरुवातीला सुटतात. पुस्तकाची पानं साडेतीनशेच्या आसपास. पहिली शंभर ढकलता येत नसतील तर थेट ऑडिओ घ्या, तिथे रेंगाळणं गप्पांसारखं वाटतं.

दिवाळीत अण्णांना बसवून पहिली दोन प्रकरणं मराठीत सांगितली. तपासाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त विचारलं, "त्याच्या ठाण्यात टेबलवर कोण बसतं?" मी म्हटलं रुबी, फोन तीच घेते, दाराच्या चौकटीवर चिठ्ठ्या चिकटवून साहेबाला कामं आठवून देते.

"मग चालेल," म्हणाले. "पुढे सांग."