झिजलेली रोमन नाणी, दहा पट भिंग आणि मुलाचा टेबललॅम्प: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये इथे लीड्सला बसून न साफ केलेल्या वीस रोमन नाण्यांचा लॉट मागवला. सोबत दहा पट भिंग, छोटा डिजिटल वजनकाटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर. मान वाकवता येणारा टेबललॅम्प मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरून ढापला, आणि सगळ्यात जास्त कामाला तोच आला.

यूएसबी मायक्रोस्कोपही घेतला होता, ते पैसे पाण्यात. गंज पन्नास पट मोठा केला तरी गंजच दिसतो.

वरून उजेड टाकला की नाणं म्हणजे नुसती काळी टिकली. लॅम्प टेबलाला टेकवून उजेड आडवा सोडायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. एका कोनात अक्षर उठतं, जरा हललं की गायब. दिसलं ते लगेच कागदावर उतरवायचं, मनात ठेवलं की मन पुढची अक्षरं स्वतःच भरतं.

पहिले दोन महिने मी चेहऱ्यावरून राजा ओळखायला बघत होतो. चौथ्या शतकातले हे राजे झिजल्यावर सगळे भाऊ-भाऊ दिसतात. त्यातले तिघे खरंच भाऊ होते, ते सोडा. आता नाणं आधी उलटं करतो. माझ्या लॉटमध्ये सर्वांत जास्त निघाली ती ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, म्हणजे ‘सैन्याचा गौरव’: दोन सैनिक उभे, मधे ध्वज. ध्वज दोन असतील तर साधारण 330 ते 335, एकच असेल तर त्यानंतरचं. ध्वज पुसले असतील तर काट्यावर ठेवा. दोन ध्वजवालं अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं, एक ध्वजवालं दीडच्या.

सात नंबरचं नाणं 1.52 ग्रॅम, 15 मिलिमीटर. ध्वज एक. सैनिकांच्या पायाखालच्या पट्टीत एस, एम, के, म्हणजे टांकसाळ सिझिकस, आजच्या तुर्कस्तानात. पुढच्या बाजूला नावाचं फक्त शेपूट उरलेलं. टी, आय आणि लगेच व्ही (रोमन लोक यू तसाच कोरत) म्हणजे कॉन्स्टँटियस. आयनंतर एन असता तर कॉन्स्टँटाइन. शेवटी ‘ऑग’ (ऑगस्टस, म्हणजे मुख्य सम्राट) दिसलं आणि मी खुर्चीतून उठलोच. कॉन्स्टँटियस दुसरा ऑगस्टस झाला सप्टेंबर 337 मध्ये, त्याआधीचं असतं तर ‘नोब सी’ म्हणजे सीझर (सम्राटाच्या हाताखालचा राजा) लिहिलेलं असतं. एक ध्वजवाली नाणी त्यानंतर फार काळ पाडलीच नाहीत, म्हणून एवढ्याशा तुकड्याची तारीख तीन-चार वर्षांच्या आत आली.

एवढं हाताशी आलं की ओसीआरई उघडायचं. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा फुकट ऑनलाइन कॅटलॉग आहे. राजा आणि टांकसाळ निवडून चाळत गेलं की जुळणारा प्रकार सापडतो.

एक गाढवपणाही सांगतो. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अरे, चिंचेच्या कोळात टाक, लख्ख निघेल.” टाकलं. लख्ख निघालं, हिरवा थर गेला आणि थरातच शाबूत असलेली अक्षरंही गेली. आता फक्त डिस्टिल्ड वॉटर, लाकडी टूथपिक आणि आठवड्यांच्या हिशेबातला धीर.

वीसपैकी अकरांचा राजा ठरला, पाचांचा नुसता प्रकार कळला. तिघांवर फुली मारली. विसावं काल रात्री पुन्हा लॅम्पखाली धरलं, तर कडेला घोड्याचा दुमडलेला पाय. सैनिक भाल्याने घोडेस्वार पाडतोय असं चित्र असलेला ‘फेल टेंप’ नावाचा प्रकार असावा. ध्वज समजून मी त्याला चार महिने ग्लोरियाच्या डबीत ठेवलं होतं.