मोरीचं पाणी: गटारात, शोषखड्ड्यात की केळीला?

घर बांधताना फरशी कुठली आणि देवघर कुठं यावर दिवसेंदिवस बोलणं होतं. मोरीच्या पाईपाचं तोंड मात्र गवंडी उतार सापडेल तिकडं काढून देतो, आणि बहुतेक वेळा ते रस्त्याकडेच्या गटारातच उघडतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणी बांधकाम काढलं असेल, तर फरशीआधी एवढं ठरवून घ्या. पाईप एकदा गाडला की पुन्हा कोणी उकरत नाही.

गटारात सोडणं सगळ्यात स्वस्त. पण उघडं गटार नाल्याला मिळतं, नाला पांझरा, गिरणा नाहीतर वाघूरला, आणि या सगळ्या शेवटी तापीत जातात. पुढं सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजांत पाणी अडलेलं असतं. कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट असेल, तर अशा थांबलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी त्यावरच पोसतात. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शिवाय दारातल्या तुंबलेल्या गटारात क्युलेक्स डास होतात ते वेगळंच. तुमच्या गल्लीतलं गटार भुयारी असेल आणि प्रक्रिया केंद्राला जोडलेलं असेल, तर खुशाल त्यात सोडा. नसेल तर हा पर्याय मी बादच धरतो.

शोषखड्ड्याला जागा थोडी लागते: साधारण 4 फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. मधोमध भोकं पाडलेली टाकी आणि भोवती दगड, खाली मोठे आणि वर लहान. रोजगार हमीतून हे काम होऊ शकतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. पण आधी जमीन बघा. साक्रीकडच्या मुरमाड जमिनीत पाणी झटकन जिरतं. चोपडा, यावल, रावेरच्या खोल काळ्या मातीत तसं होत नाही. ही माती ओली झाली की फुगते आणि खड्डा पावसाळ्यात भरून वाहू लागतो. फूटभर खड्डा खणून दोन-तीनदा पाण्यानं भरून बघा. पाणी तासन् तास तसंच उभं राहिलं, तर शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. विहीर किंवा बोअर असेल तर 50 फूट तरी अंतर ठेवा.

चांगल्या जमिनीतला खड्डाही बिघडतो तो तेलानं. शेवभाजीची कढई डोळ्यांपुढं आणा. तळाला लाल तर्रीचा थर असतो. गरम पाणी आणि साबण लावला की तो सुटतो, पण पाईपात गार होऊन पुन्हा चिकटतो आणि दगडांवर बसतो. काही महिन्यांत दगडांमधल्या फटी बुजतात. म्हणून कढई आधी भाकरीच्या तुकड्यानं निपटून घ्यावी, नाहीतर रद्दी कागदानं पुसावी, मगच मोरीत ठेवावी. खड्ड्याआधी छोटा चेंबर हवाच, आणि त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाईपाचं तोंड खाली वळवलेलं हवं. तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं, मधलं पाणी तेवढं पुढं जातं. चेंबर आठवड्याला उपसायचा. हे काम कोण करणार ते घरात आधीच ठरवा.

माझा कौल परसबागेला. माणशी रोज 55 लिटर हा जलजीवन मिशनचा हिशेब धरला, तरी पाच माणसांच्या घराला 275 लिटर लागतं आणि त्यातलं बरंचसं मोरी-न्हाणीतून बाहेर पडतं. मे महिन्यात जिथं पारा 44-45 वर जातो, तिथं एवढं पाणी गटारात घालवणं मला बघवत नाही. केळी, कर्दळ, अळू हे पाणी आनंदानं पितात. मेथी-कोथिंबीर, मुळा यांना मात्र देऊ नका. पाणी साठवूनही ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं. आणि कपड्यांचं पहिलं फेसाळ पाणी झाडांना नको. त्यातल्या सोडियमनं काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न जिरवणारी, होत जाते, आणि चोपण झालेली जमीन पुन्हा सुधारायला फार कष्ट पडतात. तेवढं पाणी जमीन जिरवत असेल तर शोषखड्ड्यात सोडा. नसेल तर पावडर मोजून टाका, फॉस्फेट नसलेली बघून घ्या आणि झाडांची आळी आलटूनपालटून वापरा.

प्रक्रिया केंद्राला जोडलेलं भुयारी गटार सोडलं, तर संडासाचं पाणी या कशालाच जोडायचं नाही. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणीसुद्धा स्वच्छ नसतं, ते उघड्या गटारात सोडू नये. संडासाला स्वतंत्र दोन खड्डे बरे. एक भरला की दुसरा सुरू करायचा.

फवारणीचा पंप मोरीत, नाल्यात किंवा विहिरीच्या काठावर धुवू नका, कारण औषधाचा अंश ना शोषखड्डा अडवतो ना केळ. कपाशीवर फवारून झालं की पंपात थोडं पाणी घालून खळखळून हलवा आणि ते त्याच शेतात, फवारलेल्या ओळींवर मारा. असं तीनदा करा. मगच पंप घरी आणा.